बिनविरोध गावातला काकीचा अर्ज

आठवड्याचे सहा दिवस मी पक्का लोकशाहीवादी असतो. रविवारी नसतो.

याचं कारण लोणावळा. रविवारी सकाळी अर्धी मुंबई आणि उरलेलं पुणे आमच्या गावात भिजायला येतं, आणि मला मात्र कोथिंबिरीची जुडी आणायला बाजारात जाता येत नाही. गाडी घराच्या कोपऱ्यावरच अडकते. पुढच्या गाडीच्या टपावर कुणीतरी उघडाबंब बसलेला असतो, मागचा हॉर्नवरून हात काढत नाही, आणि मग माझ्या तोंडून न चुकता ते वाक्य बाहेर पडतं : "या देशाला एक कडक माणूस पाहिजे. सहा महिने. सगळे सरळ होतील."

"आधी तुम्ही इंडिकेटर द्या," बायको म्हणते.

आता गंमत अशी, की मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. 'लोकशाहीचे गुण-दोष' हा धडा मी झोपेतही उतरवून देऊ शकेन. माझ्या नोट्समध्ये सहा गुण आहेत, पाच दोष. म्हणजे दरवर्षी लोकशाही सहा विरुद्ध पाच अशी काठावर जिंकते आणि घंटा होते. पण हुकूमशाहीच्या धड्यात 'जलद निर्णय' हा गुण सांगताना माझ्या आवाजाला जरा जास्तच धार येते, असं माझी मुलगी म्हणते. ती पुण्यात वकिली शिकते. त्यामुळे तिचं ऐकून घ्यावं लागतं, आणि ऐकून घेतलं तरी हरावं लागतं.

तर असा मी, आणि माझ्यावर आमच्या मूळ गावानं एकदा राजकीय कामगिरी सोपवली.

आमचं गाव टाकव्याच्या पुढे, आंदर मावळात. लहान आहे, पण त्याला एक मोठा अभिमान आहे : ग्रामपंचायत बिनविरोध. निवडणूक लागली की सगळे देवळात जमतात. आबा सभामंडपाच्या खांबाला टेकून बसतात आणि कोणकोण सदस्य होणार ती नावं सांगतात. नारळ फुटतो, खोबरं वाटलं जातं, संपलं. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. माणूस वाईट म्हणाल तर अजिबात नाही. नळाचं पाणी त्यांनी आणलं, शाळेच्या खोल्या त्यांनी बांधून घेतल्या, रात्री-अपरात्री कुणाच्या पोटात दुखलं तर जीप त्यांचीच निघते. मी त्यांच्याबद्दल वर्गात उदाहरण म्हणून बोलत असे. "सद्‌गुणी एकहाती सत्ता," असं म्हणत असे. मुलं लिहून घेत.

त्या वर्षी देवळावर लावायच्या फ्लेक्सचा मजकूर आबांनी माझ्याकडून मागवला. शिकलेला पुतण्या कशाला असतो! मी दोन दिवस विचार करून लिहिलं : 'एक गाव, एक मन, एक निर्णय'. मला ते इतकं आवडलं की मुलीला फोटो पाठवला.

तिचा लगेच फोन. "बाबा, हे तू लिहिलंस?"

"का? कसंय?"

"छान आहे. पण हे तुझ्याच नोट्समध्ये आहे. हुकूमशाहीच्या लक्षणांत. तिसरं."

मी म्हटलं, गाव वेगळं, देश वेगळा. ती म्हणाली, "हो का," आणि फोन ठेवला. हल्लीच्या मुलांचं 'हो का' फार लांब ऐकू येत राहतं.

आणि त्या फ्लेक्सची शाई वाळते न वाळते तोच बातमी आली, की आमची आळी ज्या वॉर्डात येते तिथल्या, स्त्रियांसाठी राखीव जागेवर एक अर्ज जास्तीचा आलाय. एक आबांच्या सुनेचा, ठरल्याप्रमाणे. दुसरा माझ्या थोरल्या चुलतीचा.

आबांचा फोन आला तेव्हा आवाजात राग कमी आणि दुखावलेपण जास्त होतं. "मास्तर, तुझ्या काकीनं गावाचं नाक कापलं बग. उद्या माघारीचा दिस हाय. ये, आन समजाव तिला. तुझं ऐकती ती."

माझं कुणी ऐकतं हे ऐकूनच मी इतका फुशारलो, की दुसऱ्या दिवशी कॉलेजात रजा टाकून सकाळीच गाव गाठलं.

काकीला समजावायला मी का तयार झालो, त्याचं एक जुनं कारणही आहे. मी प्राथमिक शाळेत असताना गावात निवडणूक झाली होती. खरीखुरी, दोन पार्ट्यांची. माझे वडील एका बाजूला, काका दुसऱ्या बाजूला. घराला मधोमध भिंत उभी राहिली, ती राहिलीच. पोरांच्या क्रिकेटच्या टीमासुद्धा पार्टीवर ठरल्या, आणि स्टंप एका पार्टीकडे नि बॅट दुसऱ्या पार्टीकडे असल्यामुळे क्रिकेटच बंद पडलं. त्या दिवसांत काकी परसातल्या भिंतीवरून मला गरम भाकरी आणि तव्यावरचा ठेचा द्यायची. "बाला सांगू नगंस," म्हणायची. मी सांगत नसे, पण वडिलांना ठेच्याचा वास यायचाच. तेही काही बोलत नसत. तेवढंच काय ते भावाभावांतलं दळणवळण.

त्यानंतर गावानं ठरवलं, पुन्हा निवडणूक नको. आबांचं राज्य आलं ते असं. म्हणजे त्यांनी ते कुणाकडून हिसकावलं नव्हतं. भांडून दमलेल्या लोकांनी ते त्यांच्या पायाशी आणून ठेवलं होतं. मला वाटतं, जगात बहुतेक ठिकाणी असंच होत असावं. कडक माणूस घोड्यावर बसून येतो हे खोटं. आपणच कंटाळून त्याला आवतण धाडतो. मी तर दर रविवारी धाडतो.

मी गेलो तेव्हा काकी ओट्यावर वाल सोलत होती. मला बघून म्हणाली, "आलास? आबानं धाडला?"

"नाही, म्हणजे... हो."

"चा घे मंग."

चहा घेता घेता मी सुरू केलं. गावाची एकी. जुनी भांडणं. आबांचे उपकार. मग आबांचाच एक दाखला दिला, जो ते नेहमी देतात : गाव म्हणजे एक अंग, हात एकीकडे ओढायला लागला आणि पाय दुसरीकडे, तर माणूस तोंडावर आपटतो. मी हे सगळं जवळजवळ एका तासिकेएवढं बोललो. काकी वाल सोलत राहिली. शेवटी म्हणाली, "तू म्हनतोस तर घेते काडून. चल."

इतक्या लवकर जिंकण्याची मला सवय नाही. मी तिला गाडीत बसवलं. ठेवणीतलं लुगडं नेसून ती पुढच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसली. वडगावच्या तहसील कचेरीत दुपारी तीनच्या आत माघारीची सही करायची होती. वेळ भरपूर होता.

कान्ह्याचं रेल्वे फाटक पडलेलं होतं. मी गाडी बंद केली. एक मालगाडी आली, आणि ती संपेचना. डब्यामागून डबे. गाडीत आम्ही दोघंच, आणि काकी एक शब्द बोलत नव्हती. भिंतीवरून भाकरी देणारी बाई अशी गप्प बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

"काकी, रागावलीस का?"

"राग कशापाई?"

"मग बोल की काहीतरी."

ती मालगाडीकडेच बघत होती. "सकाळधरनं किती जन येऊन गेली. आबाची बायको, सरपंच, पुजारी, आता तू. समदी म्हनली, काडून घे. भरलास कशापाई, आसं येकानंबी इचारलं न्हाई."

मला राज्यशास्त्राची पदव्युत्तर पदवी आहे. माझ्याही डोक्यात तो प्रश्न आला नव्हता.

"कशाला भरलास, काकी?" मी विचारलं. फाटकापाशी, उशिरा, पण विचारलं.

मग तिनं सांगितलं. तिची सून टाकव्याच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला जाते. कंपनीची बस फाट्यावर सोडते. फाट्यापासून आमच्या आळीपर्यंत एकही दिवा नाही. आळीतल्या पाच-सहा लेकीसुना तशाच, हातातल्या मोबाइलच्या उजेडात, एकमेकींचा पदर धरून येतात. काकी रोज रस्त्याच्या तोंडाशी बॅटरी घेऊन उभी राहते. ग्रामसभेत तिनं दोनदा दिवे मागितले. आबा दोन्ही वेळा म्हणाले, व्हतील व्हतील. देवळाभोवती झाले. आबांच्या अंगणासमोर झाले. आळीच्या वाटेवर नाही झाले.

"अगं, एवढंच ना!" मी एकदम हलका झालो. "मी आबांना सांगतो. आजच. ते उद्या दिवे लावतील."

"लावत्याल की. चांगलाच हाय त्यो." ती माझ्याकडे वळली. "पर उद्या त्येचं मन फिरलं, दिवं काडून कुटं दुसरीकडं न्हेलं, मंग? परत तुला फोन करू? तू परत रजा टाकून येनार? मला दिवा मागायचा नव्हता रं. मागून मागून दमले. मला तितं पंचायतीत बसून सांगायचं व्हतं, की आमच्या वाटंवर अंधार हाय."

मी म्हटलं, "आणि जुनी भांडणं? परत भिंत उभी राहिली तर?"

"ती भांडनं बांधाची व्हती. इलेक्शनला नाव फुकट. आन बिनविरोध झालं म्हनून मिटली व्हय? गप झाली निस्ती. तुझा बा नि तुझा काका मरंस्तवर येका ताटात जेवलं न्हाईत, तवा कुटलं इलेक्शन व्हतं?"

मालगाडी गेली. फाटक उघडायच्या आधी लोकलही जाणार होती, म्हणून ते खालीच राहिलं. माझ्या मागे एका पिकअपवाल्याने हॉर्न धरला होता, आणि आश्चर्य म्हणजे मला कडक माणसाची आठवण झाली नाही.

मला आठवत होता तो अंगाचा दाखला. तासभर मी तो उगाळला होता. अंगाला ठेच लागली की कळ डोक्यात जाते. न सांगता, न विचारता. म्हणून डोक्यानं सगळ्या अंगाच्या वतीनं ठरवलेलं चालतं. पण गावाला असा मज्जारज्जू कुठे असतो? आळीच्या वाटेवर सुनेचा पाय खड्ड्यात पडला तर आबांच्या घोट्यात कळ येत नाही. ते निजलेले असतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. ज्याच्या पायाला लागलं त्यानं सांगितलं तरच बाकीच्यांना कळतं. दुसरा रस्ताच नाही. आणि ज्या क्षणी आपण म्हणतो की आपण सगळे मिळून एकच अंग, त्या क्षणी सांगणारा माणूस दुखणारा पाय राहत नाही, तो रोग होतो. मग त्याला समजावायला मास्तर पाठवतात. पुढे मोठ्या देशांतून मास्तरच्या जागी दुसरी माणसं पाठवतात, एवढाच फरक. तिथून परत आलेल्या माणसांबद्दल मी वर्गात शिकवतो, आणि न आलेल्यांबद्दलही. पण त्या रस्त्याचं पहिलं गाव इतकं ओळखीचं, इतकं मायेचं असेल, खोबरं वाटणारं, हे माझ्या नोट्समध्ये नव्हतं.

मी आवेशात आलो. माझा तो स्वभावच. "काकी, ठरलं! अर्ज काढायचा नाही. मी बघतो कोण काय म्हणतं ते. आपण गाडी वळवू."

काकीनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी अजून स्टंपाविना क्रिकेट अडलेला पोरगा आहे.

"आता तू ठरीव! सकाळी आबानं ठरवलं काडायचा, दुपारी तू ठरवलंस ऱ्हायचा. माजा अर्ज हाय का तुमचा?"

माझ्या आयुष्यातली ती सर्वांत थोडक्यात संपलेली क्रांती. मग जमेल तितक्या साध्या आवाजात विचारलं, "तुला काय करायचंय?"

लोकल आली, गेली, फाटक वर गेलं. पिकअपवाला बाजूनं शिवी घालून पुढे निघाला. आम्ही रुळांवरून धडधडत पलीकडे आलो तेव्हा ती म्हणाली, "मी हरनार हाय. म्हाईत हाय मला."

"तरी?"

"तरी ऱ्हाऊ दे. हरू दे की मला. हरायच्या आदीच घरी का बसू?" आणि थोड्या वेळानं, "भूक लागली रं."

वडगावात कचेरीच्या जवळच एक मिसळीचं हॉटेल आहे. आम्ही तिथे बसलो. आबांचा माणूस कचेरीच्या पायरीवर उभा होता. त्यानं आम्हाला पाहून हात केला, मी 'आलोच' अशी खूण केली आणि दुसऱ्यांदा रस्सा मागवला. लोकशाहीसाठी जगात लोकांनी काय काय सोसलं, तुरुंग, फटके, देशोधडी. मी तिखट रस्सा सोसला. तीन वाजून गेले तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि आबांच्या माणसाला वाटलं की मी पश्चात्तापानं रडतोय.

काकीला चिन्ह मिळालं रोड रोलर. "आमच्यात धड रस्ता न्हाई नि ह्यो रोलर!" असं म्हणून ती इतकी हसली की कचेरीतला कारकूनही हसला.

पुढचे दिवस सोपे नव्हते. आबा माझा फोन घेईनात. देवळात काकीला कुणी काही म्हणालं नाही, पण ती बसली की शेजारची जागा रिकामी राही. पिठाच्या गिरणीत तिचा डबा रांगेत मागे सरकायचा. मला रात्री झोप लागेना. भिंतीच्या पलीकडची ती बाई, आणि या वेळी भाकरी द्यायला पलीकडे कुणीच नाही, असं सारखं दिसायचं. हरायला काकी तयार होती; पण हरल्यानंतर गाव तिला गावात राहू देणार का, हे कुणालाच माहीत नव्हतं. एकदा वाटलंही, की त्या मिसळीच्या ऐवजी सही झाली असती तर बरं होतं. मुलीला तसं म्हटलं. ती म्हणाली, "तू घाबरलायस, बाबा. घाबरलेला माणूस पहिल्यांदा निवडणूकच रद्द करतो." आणि मग, पहिल्यांदाच न भांडता, "मी येते मतमोजणीला."

काकी घरोघर गेली. आबांच्या घरीही गेली. आबा परसात निघून गेले. सुनेनं, म्हणजे जिच्याविरुद्ध ती उभी होती तिनंच, तिला पाट दिला आणि हळदीकुंकू लावलं. दोघी काय बोलल्या ते कुणाला कळलं नाही.

काकी हरली. अगदीच वाईट नाही, पण सरळ हरली. मतमोजणीहून आम्ही तिघं गाडीनं परत आलो. वाटेत काकी म्हणाली, "आपल्या आळीच्या मतांपरीस जादा पडली की गं मला! आळीभायेरची कुनी टाकली आसत्याल?" आणि ती घरी पोचेपर्यंत घरं आठवून आठवून अंदाज करत राहिली. न बोलता शेजारून उठून जाणाऱ्यांपैकी कुणीतरी आत पडद्याआड रोलरवर बोट ठेवलं होतं. तिला त्याचंच अप्रूप.

संध्याकाळी मिरवणूक निघाली. ताशा आळीच्या दिशेनं यायला लागला. विजयाची मिरवणूक हरलेल्याच्या दारात येऊन काय करते, ते मी लहानपणी पाहिलं होतं. मी मुलीला म्हटलं, दार लावून घे. काकीनं ऐकलं. "दार कशापाई?" म्हणाली, आणि ताट घेऊन ओट्यावर आली. निरांजन आधीच लावून ठेवलं होतं.

ताशा दारासमोर थांबला. गुलालानं माखलेली आबांची सून पुढे आली आणि कुणी काही म्हणायच्या आत काकीच्या पाया पडली. काकीनं तिला ओवाळलं. "जिकलीस बाई. आता वाट तूच बग," एवढंच म्हणाली. ताशा पुढे सरकला.

आबा मात्र मागे राहिले. पांढऱ्या टोपीवर गुलाल, चेहरा जिंकलेल्या माणसासारखा नव्हता. खूप वर्षांनी त्यांच्या गावात मतं मोजली गेली होती, आणि काही त्यांची नव्हती. ओट्याच्या कडेला ते हात टेकून बसले. माझ्याकडे बघितलं नाही. बराच वेळ पायाचा अंगठा चाचपत राहिले. येताना वाटेत ठेच लागली होती.

"लय अंधार हाय ह्या वाटंला," ते म्हणाले.

आत वळून काकीनं चहाचं आधण ठेवायला सांगितलं.

"वयनी," आबा म्हणाले, आणि थांबले. मी त्यांना इतक्या वर्षांत कुणाला प्रश्न विचारताना ऐकलं नव्हतं. त्यांना तो कसा सुरू करायचा हेच उमगत नसावं. "तुमी अर्ज कशापाई भरलावता?"

काकी पायरी उतरून त्यांच्याशेजारी बसली, पदर सावरला, आणि पहिल्यापासून सांगायला लागली.